नदी कोणती निवडावी?

प्रवासास निघण्याचे ठरले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न उमटतो तो जेवणाचा. ‘तेथे आपले जेवण मिळेल ना?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्या माणसास हल्लीची तरुण मंडळी हसतात. आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे कळावयास हवे की भाषा एखादे वेळी जिभेवरून उतरते, पण पानातले पदार्थ आणि पानात न येणारे पदार्थ उतरावयास फार काळ लागतो.

हा विषय सुचण्यास निमित्त झाले ते अश्दोदहून आलेल्या एका पत्राचे. आमचे एक ज्येष्ठ सहाध्यापक निवृत्तीनंतर मुलांपाठोपाठ इस्राएलात स्थायिक झाले. ते बेने इस्राएल. मूळ घर अलिबागेच्या बाजूचे, दोन पिढ्या अहमदाबाद-बडोद्यात गेलेल्या. गणित शिकवीत, आणि मराठी इतके शुद्ध लिहीत की शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते आम्ही मराठीचे एम. ए. असूनही त्यांच्याकडेच तपासावयास देत असू. त्यांच्या विवाहास यंदा 50 वर्षे पूर्ण होत आहेत. मुलांनी युरोपातील नदीवरच्या नौकाप्रवासाची भेट देऊ केली आहे. नौका अर्थातच कोशेर. नदी कोणती, हे मात्र आईवडिलांनी ठरवावयाचे, आणि तेथेच घोडे अडले आहे. सरांना डॅन्यूब हवी, वहिनींना डॅन्यूब नको. दोघांनीही निरनिराळ्या पत्रांनी आमचे मत मागविले. आम्ही युरोप पाहिलेला नाही. परंतु पुस्तके, नकाशे आणि पंचांग पाहून मत देण्याची शिक्षकाची खोड आम्हांसही आहेच.

वाचकांपैकी पुष्कळांस ‘कोशेर’ म्हणजे काही विशिष्ट पदार्थ असे वाटते. तसे नव्हे. तो यहुदी धर्मशास्त्रानुसार चालणारा स्वयंपाकघराचा सबंध आचार आहे, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्यांस तो समजावयास मुळीच कठीण जाऊ नये. डुक्कर वर्ज्य, मासा चालेल तो पर आणि खवले असलेलाच, म्हणजे कोळंबी-खेकडे बाद, आणि मांस व दूध यांची गाठ कधीही पडता कामा नये. दोहोंची भांडी वेगळी, धुण्याची जागा वेगळी. मांस खाल्ल्यावर दूध किती वेळाने घ्यावे यातही पाठभेद आहेत. बहुतेक 6 तास थांबतात, जर्मनीतील जुने यहुदी 3 तास, हॉलंडातले एकच तास. राईन नदी जर्मनीतून हॉलंडात जाते. वाटेत कॉफीत दूध घालण्याची वेळही बदलते म्हणावयाची!

नदीवरची मोठी नौकासुद्धा 135 मीटरांहून सहसा लांब नसते आणि तिच्यात दीडदोनशेच माणसे मावतात. स्वयंपाकघर एकच. ते आधीच्या प्रवासात इतरांसाठी वापरलेले असते. म्हणून काही वेळ ते बंद ठेवून, उकळत्या पाण्याने व ज्योतीने शुद्ध करून, नवी भांडी आणून मग धर्मपंडिताच्या नेमलेल्या देखरेख्याच्या ताब्यात द्यावे लागते. पालेभाजीत किडा राहिला नाही ना, हेही तोच उजेडात धरून पाहतो. असा खटाटोप एखाददुसऱ्या फेरीसाठी करावा लागत असल्याने या नौकांच्या तारखा थोड्या आणि भाडे चढे असते.

पण खरी अडचण जेवणाची नव्हे, शनिवारची आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत वाहनाने जावयाचे नाही, अग्नी पेटवावयाचा नाही. तेव्हा यहुदी प्रवाशांसाठीच निघालेली नौका तितका वेळ धक्क्यास बांधून ठेवतात. म्हणून जाहिरातीतल्या रंगीत चित्रांकडे पाहू नये. शुक्रवारी सायंकाळी नौका कोठे उभी असेल, एवढे आधी विचारावे. तेथून प्रार्थनामंदिर पायी जाण्याजोगे हवे. ज्यांचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, त्यांच्या वंशजास हे आम्ही सांगावे असे नाही. पण मुले नौकेची छायाचित्रे पाहून पसंती करतात, म्हणून लिहिले.

या कसोटीला डॅन्यूब उत्तम उतरते, हे कबूल केले पाहिजे. व्हिएन्नात नौका लागतात त्या दुसऱ्या विभागात, आणि शहरातील आचारनिष्ठ यहुदी वस्ती मुख्यतः त्याच विभागात आहे. जुन्या नगरातले 1826 सालचे प्रार्थनामंदिर घरांच्या रांगेमागे दडवून बांधलेले आहे. कारण कॅथलिकांखेरीज इतरांचे देवालय रस्त्यावरून दिसू नये, असा तेव्हा दंडक होता. हा अपमानच पुढे उपकारक ठरला. 1938 साली नाझींनी शहरातील इतर प्रार्थनामंदिरे जाळली, तेव्हा शेजारची घरे पेटतील या भयाने हे तेवढे जाळले नाही. पुढे ब्रातिस्लाव्हात खतम सोफेर या विख्यात धर्मपंडिताची समाधी आहे. बुडापेस्टमधील दोहानी रस्त्यावरचे 1859 सालचे भव्य मंदिर युरोपातील सर्वांत मोठे. मात्र तेथे ऑर्गन वाजतो, म्हणून आचारनिष्ठ मंडळी काझिन्त्सी रस्त्यावरच्या 1913 सालच्या मंदिरात जातात. दोन्ही धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आणि त्याच धक्क्याजवळ, संसदभवनापासून थोड्या अंतरावर, नदीच्या काठावर लोखंडी जोडे मांडलेले आहेत. साठ जोड. 1944-45 च्या हिवाळ्यात हंगेरीच्या ‘ॲरो क्रॉस’ या फॅसिस्ट टोळीने यहुद्यांना तेथे आणले, जोडे काढावयास लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटले. 2005 साली हे स्मारक झाले. बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे, सर्वांचे जोडे त्यात आहेत.

वहिनींचा आक्षेप येथेच आहे. त्यांचे वाक्य आम्ही जसेच्या तसे देतो: ‘लग्नाच्या पन्नास वर्षांचे जेवण त्या पाण्यावर बसून मला गिळणार नाही. तिथे आमचे कोणी गेले नाही. आम्ही दर्याकाठची माणसे, आम्हांला कोकणात कोणी कधी जोडे काढायला लावले नाहीत. रडायचे असेल तर बोटीवर कशाला जायचे, आणि रडायचे नसेल तर तिथे कशाला जायचे?’

सरांचे उत्तर निराळे. बेने इस्राएल इस्राएलात गेले तेव्हा विवाहाच्या वेळी तुम्ही पुरते यहुदी आहात काय, अशी शंका तेथील धर्मपीठाने काढली होती. साठीच्या दशकात त्याविरुद्ध आंदोलन झाले, आणि 1964 साली ‘सर्व दृष्टींनी पूर्ण यहुदी’ अशी मान्यता मिळाली. सर लिहितात, ‘हक्क मागताना आम्ही सगळे एक, आणि शोक करताना तेवढे आम्ही कोकणातले, असे कसे चालेल?’

दोघांपैकी कोणाचे चूक म्हणावे? वहिनींचे म्हणणे शोकाला मर्यादा ठेवणारे आहे, आणि मर्यादा राखणाऱ्या माणसाचा शोक आम्हांस अधिक खरा वाटतो. पण सरांचा युक्तिवादही खोडता येत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात असा वाद जेवणाच्या मेजावर सुटत नसतो. म्हणून आम्ही तिसऱ्या वाटेचा विचार केला.

प्रथम पोर्तुगालची दौरू नदी पाहिली. तिच्यावर रात्री प्रवासी नौका चालत नाहीत, ही गोष्ट आम्हांस आवडली. डोंगरउतारांवरचे द्राक्षमळे दिवसाउजेडी दिसतात. पोर्तू शहरात 1938 साली उघडलेले मोठे प्रार्थनामंदिर आहे. परंतु पोर्तुगाल म्हणताच गोमंतकीय वाचकांस गार्सिया द ओर्ता आठवेल. बाटविलेल्या यहुदी कुळात जन्मलेला हा वैद्य गोव्यास आला. भारतीय औषधींवरील त्याचा ग्रंथ गोव्यातच 1563 साली छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर 1569 साली त्याच्या बहिणीस इन्क्विझिशनने जिवंत जाळले आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडेही उकरून जाळली. ‘आमच्या मुलखात कोणी छळले नाही’ हे वहिनींचे वाक्य कोकणपट्टीच्या सगळ्या लांबीला लागू नाही, हे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. असो. शिवाय दौरूकाठी मुख्य कौतुक तेथल्या मद्याचे, आणि यहुदी देखरेखीवाचून केलेले द्राक्षमद्य कोशेर नव्हे!

राहिली राईन, आणि आमचा कौल राईनला आहे. तिच्या काठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या तीन नगरांतील यहुदी स्थळे 2021 साली जागतिक वारसा म्हणून गणली गेली. मृत्यू तेथेही आहे. 1096 साली पहिल्या धर्मयुद्धाच्या जमावांनी या नगरांत कत्तली केल्या. पण त्याआधी आणि नंतरही तेथे विद्या नांदली. माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्या नावे चालत आलेला एक दंडक एकाहून अधिक विवाह करू नये असा आहे. दुसऱ्याचे पत्र त्याच्या अनुमतीवाचून वाचू नये असाही एक आहे. हजार वर्षांपूर्वी कोणाला हे सुचावे, याचे आम्हांस नवल वाटते. (वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हा दंडक भिंतीवर लावावा.) शास्त्रग्रंथांवर ज्याची टीका आजही वाचतात, तो राशी तरुणपणी माइन्झ आणि वर्म्स येथेच शिकला. श्पायरला जमिनीखाली उतरत जाणारे बाराव्या शतकातील स्नानकुंड अद्याप शाबूत आहे.

वर्म्सच्या जुन्या दफनभूमीत दोन थडगी शेजारी शेजारी आहेत. रब्बी मेईर यांना राजाने कैदेत टाकून खंडणी मागितली. आपल्यासाठी खंडणी दिली तर पुढे प्रत्येक पंडितास धरतील, म्हणून त्यांनी ती देऊ दिली नाही, अशी परंपरा आहे. 1293 साली ते कैदेतच वारले. राजाने देहही अडकवून ठेवला. 14 वर्षांनी अलेक्झांडर विम्पफेन नावाच्या एका सद्‌गृहस्थाने पैसे भरून तो सोडविला. मागणे एवढेच की मेल्यावर मला त्यांच्या शेजारी जागा द्यावी. ती त्यास मिळाली. कोहेन कुळातल्यांना दफनभूमीत पाऊल टाकता येत नाही. पण बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन नाहीत, तेव्हा सरांना ती आडकाठी नाही.

आता महिना. यहुदी पंचांग आपल्यासारखेच चांद्र. 19 वर्षांत 7 अधिक मास त्यातही येतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन त्यामुळे कधी जुलैत, कधी ऑगस्टात पडतो. त्याआधीच्या 3 आठवड्यांत मौजेचा प्रवास टाळतात. त्याहीआधी, जूनमध्ये, राईनकाठी शनिवार संपता संपता रात्रीचे अकरा वाजतात. वयस्कर माणसांना हे जागरण झेपत नाही. उशीर करावा तर नदी आटते. 2018 आणि 2022 साली राईनचे पाणी इतके उतरले की काही ठिकाणी प्रवाशांना बसमधून पुढे न्यावे लागले. तेव्हा मे महिन्याचा उत्तरार्ध बरा, आणि शनिवारचा मुक्काम स्ट्रासबुर्गला असलेली फेरी पाहावी. तेथे यहुदी वस्ती मोठी आहे.

हे सारे आम्ही कळविले. सरांचे उत्तर दोन ओळींचे आले: राईन मान्य, पण पुढल्या वर्षी बुडापेस्टला ते एकटे, आगगाडीने जाणार. वहिनींचे पत्र चार पानांचे होते. त्यात राईनबद्दल एक वाक्य, आणि बाकी सर्व नारळाच्या दुधाबद्दल. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून कोकणातल्या यहुदी सुगरणींनी कालवणात नारळाचे दूध घातले, ते आजतागायत. नौकेवर सगळे युरोपी पद्धतीचे जेवण असणार, म्हणून नारळाच्या दुधाच्या भुकटीचे डबे त्या बरोबर नेऊ पाहतात; देखरेख्या म्हणतो, डब्यावर शिक्का दाखवा. तसा शिक्का असलेली भुकटी भारतात कोठे मिळते, याची चौकशी त्यांनी आमच्यावर सोपविली आहे. मुंबईच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.