आधी तारीख, मग मत

जगात युद्धे पेटलेली असताना ठाण्यातल्या मासुंदा तलावाचे आणि कोपिनेश्वर मंदिराचे जुने फोटो चाळत बसणे ही रिकामटेकड्यांची हौस आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वर्तकनगरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाझा, युक्रेन आणि ‘जुने ठाणे’ एकापाठोपाठ येतात. पहिल्या दोहोंवर वाद झडतात, तिसऱ्याला नुसते हात जोडले जातात. एक गंभीर, दुसरे स्मरणरंजन, ही वाटणीच मला अमान्य आहे. ज्याला आपल्या गावचा फोटो पारखता येत नाही, त्याने परमुलखातल्या फोटोवरून छातीठोक मत द्यावे कशाच्या बळावर?

घरचेच उदाहरण घेऊ. कमानींच्या पुलावरून पाणी ओलांडणाऱ्या आगगाडीचे एक चित्र ‘ठाण्याची खाडी, भारतातली पहिली रेल्वे, १८५३’ अशा ओळींसह सर्रास फिरते. १६ एप्रिल १८५३ची ती गाडी बोरीबंदरहून निघाली आणि सुमारे ३४ किलोमीटरवर, ठाण्यातच थांबली. खाडी ओलांडून कल्याणला जाणारा मार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला. म्हणजे पूल ठाण्यापलीकडच्या खाडीवरचा असेल, तर गाडी पहिली नव्हे. गाडी पहिली असेल, तर पूल तिथला नव्हे. हे ताडायला पुराणवस्तुतज्ज्ञ व्हावे लागत नाही. लोकलने रोज कळव्याकडे जाणाऱ्याला एवढा भूगोल पाठ असतो. हीच नजर मे २०२४मध्ये ‘ऑल आईज ऑन राफा’ हे चित्र पुढे पाठवताना कोट्यवधींनी वापरली असती, तर ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आहे हे तंबूंच्या अशक्य रांगांवरूनच लक्षात आले असते. गाझातल्या राफामधले हाल खरे होते. म्हणूनच त्यांना खऱ्या फोटोची साक्ष हवी होती.

यावर कोणी म्हणेल, अशा शंका काढत बसलो तर कशावरच विश्वास उरणार नाही. उलट आहे. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या त्रांग बांग येथे नापाम बॉम्बने होरपळलेल्या मुलीचा फोटो घ्या. तो निक उट यांनीच काढला का, असा वाद उठल्यावर मे २०२५मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने त्यांच्या नावाचे श्रेय स्थगित केले, असोसिएटेड प्रेसने मात्र ते कायम ठेवले. तरी बॉम्ब पडला आणि ती मुलगी भाजली, याबद्दल दोन्ही संस्थांना तिळमात्र शंका नाही. नेमका प्रश्न विचारला की संशय नेमक्या जागेपुरता राहतो. सरसकट ‘सगळेच खोटे’ म्हणणाऱ्याला तपासायचे काहीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जुने फोटो साहेबांचे आणि धनिकांचे, कॅमेरा ज्याच्या हाती, इतिहास त्याचा. हे खरेच आहे, पण त्यावरून फोटो टाकाऊ ठरत नाहीत, संग्रह अपुरा ठरतो. ठाण्यात १९२५ साली उभी राहिलेली रेमंडची गिरणी आता बंद आहे, तिच्या जमिनीवर टॉवर आले. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीच्या जुन्या इमारतीही पुनर्विकासात जात आहेत. तिथल्या कामगारांचे, गॅलऱ्यांचे, गणपतींचे फोटो सरकारी दप्तरात नव्हे, घरोघरच्या अल्बमांत आहेत.

तेव्हा घर रिकामे करताना अल्बम रद्दीत घालू नका. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने ठिकाण, साल आणि काढणाऱ्याचे नाव लिहा. ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाज ठोकून देऊ नका. आणि जगातला कुठलाही फोटो पुढे ढकलण्यापूर्वी हेच तीन प्रश्न विचारा.