भ्यालेल्या जिवास अवधि

टाकून दिलेल्या किंवा मार खाल्लेल्या कुत्र्यास घरीं आणून आश्रय देणें हें सत्कर्म होय, याविषयीं दुमत नसावें. परंतु त्यानें पहिल्याच दिवशीं शेपूट हालवून आपले उपकार मानावे, ही जी आपली अपेक्षा असते, ती मला अन्यायाची वाटते.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं अशीच एक कुत्री घरीं आणिली. आंत पाऊल पडतांच ती पलंगाखालीं शिरली, ती दोन दिवस बाहेर आली नाहीं. कोणी झाडू उचलला कीं ती भिंतीस चिकटून थरथर कांपे. मुलांनीं दूध-पोळी पुढें केली, लाडानें हांका मारिल्या, आणि शेवटीं तिला ओढून काढूं लागलीं, तेव्हां ती गुरगुरली. आठव्या दिवशीं धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, हिला आपण नकोच आहों. परत देऊन टाकूं." क्षणभर मलाही तसेंच वाटलें, हें कबूल करितों.

परंतु भय म्हणजे कृतघ्नता नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतील एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. सप्टेंबर १९२४ मध्यें लेनिनग्राड येथें नेव्हा नदीस महापूर आला व पिंजऱ्यांतील कुत्रीं बुडतां बुडतां वांचविण्यांत आलीं. पुढें असें दिसून आलें कीं, त्यांपैकीं कांहीं कुत्रीं पूर्वीं शिकलेलें विसरून गेलीं आहेत. ओळखीचा माणूस जवळ बसवून, धिमेपणानें, तें पुनः परत आणावें लागलें. तरीही पुढें दाराखालून पाण्याची बारीक धार खोलींत सोडतांच जुनें भय पुनः जागें झालें. पूर कधींच ओसरला होता. मनांतला ओसरला नव्हता. आमच्या कुत्रीच्या मनांत कोणता पूर आहे, हें आम्हांस कोठें ठाऊक होतें?

मग आम्हीं आमचीच रीत बदलली. एका कोपऱ्यांत गोणपाट अंथरून ती जागा तिची ठरविली. तेथें कोणीं हात घालावयाचा नाहीं. जेवण ठराविक वेळीं, ठराविक माणसानें ठेवावयाचें. डोळ्याला डोळा भिडवावयाचा नाहीं. जवळ बसावयाचें तें पाठमोरें. शेजाऱ्यांस कौतुक दाखविणें बंद केलें. डॉक्टरांकडून रेबीजची लस मात्र वेळेवर टोंचून घेतली, कारण दया म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

कोणी म्हणेल, अशानें कुत्रें डोक्यावर बसेल. शिस्त हवीच, पण ती विश्वासाच्या मागून येते. गुरगुरणें म्हणजे "येथेंच थांबा" असें त्या मुक्या जिवाचें सांगणें होय. त्याबद्दल त्यास मारिलें, तर भय जात नाहीं. तें पुढच्या वेळीं न सांगतां चावतें, इतकेंच.

अशीं कुत्रीं सांभाळणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: बुजरेपणा कमी होण्यास ३ दिवस, घरची रीत कळण्यास ३ आठवडे, घर आपलें वाटण्यास ३ महिने. हा हिशेब आपल्या उतावळेपणास आवर घालण्यासाठीं आहे; कुत्र्याची परीक्षा घेण्यासाठीं नव्हे. आमची कुत्री विसाव्या दिवशीं, मी वह्या तपाशीत बसलों असतां, हळूच आली, माझ्या पायास नाक लावून पाहिलें आणि परत गेली. कोणीं टाळ्या पिटल्या नाहींत, हें मुलांचें मोठें यश. आतां ती उंबऱ्याशीं निजते. झाडू दिसला कीं मात्र अद्यापि उठून जाते. जावो बापडी!

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. त्यांच्या अंतःकरणांतील प्रेम आपण अवश्य घ्यावें. पण भ्यालेल्या कुत्र्यामागें धांवूं नये. वाटी खालीं ठेवून दोन पावलें मागें सरावें. आमच्या शास्त्रांतही प्रभु दाराशीं उभा राहून ठोकतो. तो दार फोडीत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, सुटींत असा एखादा जीव घरीं आणावा असें वाटल्यास प्रथम आईबापांस विचारा, आणि मग स्वतःस विचारा: तो तीन महिने आपल्याजवळ आला नाहीं, तरी मी त्याची थाळी रोज वेळेवर ठेवीन काय? पालकहो, मुलानें "होय" म्हटलें आणि तें पाळिलें, तर त्या घरांत कुत्र्याबरोबर तेंही कांहीं मोठें शिकलें, असें खुशाल समजावें.