मातीच्या वाटेला ठेकेदार कसा हवा?

माथेरानबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या निकालातल्या एकाच भागाची आपल्याकडे चर्चा झाली. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं न्यायालयाने सांगितलं. ते योग्यच झालं, आणि फार उशिरा झालं. पण त्याच निकालात रस्त्यांबद्दलही एक गोष्ट ठरली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली. आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर मात्र ब्लॉक नकोत, असं बजावलं गेलं.

मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या भागावर. मुख्य रस्त्याचा प्रश्न निदान कागदावर सुटला. म्हाताऱ्या माणसांना, शाळेच्या मुलांना, आजाऱ्यांना ई-रिक्षा हवी, आणि तिला चाक टेकायला पक्का रस्ता हवा, हे मला मान्य आहे. पण आतल्या वाटांना ‘ब्लॉक नकोत’ एवढं सांगितलं की आपोआप चांगली वाट तयार होत नाही. ब्लॉक नाहीत म्हणजे काहीच करायचं नाही, असा अर्थ घेतला तर चार पावसाळ्यांत त्या वाटांचे ओढे होतील. आणि काही करायचं म्हटलं, तर ते कोण करणार? कुठल्या अटींवर?

आधी मातीची वाट खराब कशी होते ते पाहू. माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे, जमीन जांभ्याची, तांबडी, पाऊस कोकणातल्या घाटमाथ्याचा. घोड्याच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी वरची माती सुटी होते. पाऊस आला की पाणी सगळ्यात सोपा रस्ता शोधतं, आणि तो रस्ता म्हणजे आपलीच वाट. मधोमध एक बारीक चर पडतो. पुढच्या पावसात तो चर खोल होतो. मग चालणारा माणूस चर टाळून कडेने चालतो, तिथलं गवत मरतं, वाट रुंद होते, झाडांची मुळं उघडी पडतात. दहा वर्षांनी तिथे वाट म्हणून एक लाल घळ उरते आणि लोक म्हणतात, ‘बघा, माती टिकत नाही, ब्लॉक घाला.’

माती टिकते, पण वाट पाण्याच्या दिशेने सरळ खाली सोडली तर टिकत नाही. डोंगरवाटा बांधणाऱ्यांनी जगभर यासाठी काही साधे ठोकताळे केले आहेत. अमेरिकेचं वनखातं आणि तिथल्या डोंगरी सायकलवाल्यांची संघटना ते शिकवतात. वाटेचा चढ हा त्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे डोंगर शंभर मीटरला तीस मीटर चढत असेल, तर वाट शंभरला पंधराच्या आतच ठेवायची. एकूण वाटेचा सरासरी चढ शंभरला दहाच्या आसपास राहिला तर उत्तम. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली असावी, शंभरला पाच इतकीच, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी तिला आडवं ओलांडून जाईल. आणि ठरावीक अंतरावर चढत्या वाटेला थोडासा उतार द्यायचा, म्हणजे साचू पाहणारं पाणी तिथे बाहेर पडेल. कोकणातल्या ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी गडगा रचला आहे किंवा पाखाडीचे चिरे बसवले आहेत, त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. त्याला फक्त टक्केवारीत बोलायची सवय नसते.

माथेरानलाच याचा एक नमुना आहे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभी केली, पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. आमच्या समाजाच्या कार्यक्रमांत हे नाव अभिमानाने घेतलं जातं. घेताना किती लाख खर्च झाले ते सांगतात; चढ किती ठेवला ते कुणी सांगत नाही. चढ वीसला एक आहे. म्हणजे शंभरला पाच. तेवढाच चढ राखण्यासाठी दोन फुटी रुळांची ती लाईन सुमारे वीस किलोमीटर डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळत जाते, आणि एवढ्या मार्गात बोगदा एकच. रेल्वेची गरज वेगळी, पायवाट याहून उभी चालते, हे खरं. आणि २६ जुलै २००५ च्या पावसाने ती लाईनही वाहून नेली होती, गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं, हेही खरं. पण डोंगराशी भांडायचं नाही, त्याच्या कलाने जायचं, ही समज त्या कामात आहे. आज डोंगरात काम करायला येणाऱ्या ठेकेदाराकडून आपण ही समज मागतो का?

मागत नाही. सरकारी कामाला ठेकेदार पात्र ठरतो तो बहुतेक पैशाच्या आकड्यांवर. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली जे मापदंड सुचवले, त्यांचीच रूपं ठिकठिकाणच्या निविदांत दिसतात. गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल कामाच्या अंदाजित किमतीच्या तीस टक्के तरी हवी. गेल्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामं प्रत्येकी चाळीस टक्के किमतीची, किंवा दोन पन्नास टक्क्यांची, किंवा एक ऐंशी टक्क्यांचं पूर्ण केलेलं हवं. पूल बांधायचा असेल तर हे शहाणपणाचं आहे. अर्धवट पूल टाकून पळणारा माणूस कुणालाच नको.

मी अभियंता नाही, मी भाषा शिकवतो. पण निविदा हीसुद्धा शेवटी भाषाच आहे, आणि इथे सगळं घोडं अडतं ते ‘समान स्वरूपाचे काम’ या तीन शब्दांवर. मातीच्या वाटेला समान काम कोणतं? निविदा लिहिणाऱ्याने तिथे नुसतं ‘रस्त्याचे काम’ असं लिहिलं, की डांबरी रस्ता केलेला पात्र ठरतो, सिमेंटचं गटार केलेलाही रस्त्याच्या कामात बसतो. ज्याने वीस वर्षं वनखात्याच्या वाटा राखल्या तो बाहेर, कारण त्याच्या नावावर उलाढाल नाही. मग तोच माणूस त्याच ठेकेदाराकडे रोजंदारीवर येतो, आणि त्याला न पटणाऱ्या जागी, न पटणाऱ्या चढाने माती उकरतो. माथेरानच्या आसपासच्या वाड्यांमधले ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. पाणी कुठून उतरतं हे त्यांना विचारायची अट कुठल्याच निविदेत मी वाचलेली नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, शिक्षकाची खोड आहे. या कामाचे आपले जुने शब्द पाहा. बेलदार हा फारसीतून आलेला, ‘बेल’ म्हणजे फावडं, ते ज्याच्या हातात तो बेलदार. मुकादम अरबीतून आलेला, मूळ अर्थ पुढे असलेला, पुढे ठेवलेला. माती वडार हे तर एका समाजाचंच नाव, माती ओढणं-रचणं हा ज्यांचा पिढीजात धंदा. या शब्दांत माणूस काय करतो ते कळतं. ‘पात्र निविदाधारक’ या शब्दात त्याच्या बँकेत काय आहे एवढंच कळतं.

पात्रतेहून मोठा घोळ बिलाच्या मोजमापात आहे. आपल्याकडे बिल निघतं ते बाबीनुसार. खोदकाम किती घनमीटर, दगडी सोलिंग किती, काँक्रीट किती. मातीची चांगली वाट म्हणजे कमीत कमी खोदकाम आणि काँक्रीट शून्य. म्हणजे जो माणूस डोक्याने काम करील, दोन दिवस फिरून बरोबर रेषा शोधील, त्याचं बिल सगळ्यात कमी. जो जेसीबी घालील त्याचं जास्त. त्या यंत्राला नुसतं उभं राहायलाच दोन मीटरहून जास्त रुंदी लागते, आणि चालणाऱ्या माणसाला वाट लागते एक मीटरची. उरलेला मीटर कुणासाठी कापला? यंत्रासाठी. त्यात जी झाडं गेली ती कुठल्याच बाबीत मोजली जात नाहीत. आणि निघालेली माती दरीच्या बाजूला लोटून त्यावरच अर्धी वाट टेकवली, तर पहिल्या मोठ्या पावसात ती अर्धी खाली जाते. वाट पूर्ण कापलेल्या, मूळच्या घट्ट जमिनीवर हवी. हे निविदेत एका ओळीत लिहिता येतं.

मग मार्च महिना. निधी परत जाऊ नये म्हणून कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जातात. तेव्हा जांभ्याची माती कोरडीठाक, भुकटी झालेली असते. कोरडी माती कितीही धुम्मस मारा, दबत नाही. जूनमध्ये पाऊस येतो आणि सगळं घेऊन जातो. मातीकामाचा खरा हंगाम पावसाळा संपल्यावर, जमिनीत ओल असताना आहे.

यावर कुणी म्हणेल, गरिबांना काम देण्याची सोय तर आहेच. महाराष्ट्रात ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांची ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या निविदेला, अशी वाटणी चालत आली आहे. कल्पना चांगलीच आहे. पण मजूर संस्थेच्या पाटीमागे ठेकेदारच बसलेला असेल तर वाटेला काय फरक पडतो? मजूर संस्थेलाही तीच दरसूची, तेच घनमीटर, तोच मार्च.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो अधिकाऱ्यांचा आहे. उलाढालीचा आकडा तपासता येतो, लेखापरीक्षणात टिकतो. ‘याला माती कळते’ हे कसं तपासणार? उद्या कुणी आपल्या मेहुण्यालाच माती कळते म्हणेल. ही भीती खोटी नाही. पण वाटेचा चढ मोजता येतो, त्याचं साधन खिशात मावतं. रुंदी टेपने मोजता येते. दरीकडचा कल लेव्हलच्या बुडबुड्याने कळतो. पावसाळ्यानंतर चर पडला आहे की नाही, किती खोल पडला, हे पट्टी लावून पाहता येतं. हे सगळं काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासण्याहून स्वस्त आहे. अडचण एवढीच की त्यासाठी अभियंत्याला मोजमाप पुस्तक घेऊन वाट चालावी लागेल, तीही ऑक्टोबरमध्ये.

म्हणून अटी अशा लिहाव्यात असं मला वाटतं. ‘समान काम’ म्हणजे काँक्रीट किंवा डांबर न वापरता डोंगरउतारावर केलेली आणि किमान दोन पावसाळे टिकलेली वाट. ती जाऊन पाहिली जाईल. असं काम नावावर नसेल तर पन्नास मीटरचा नमुना करून दाखवण्याची मुभा, त्याची मजुरी देऊन. दर भरण्याआधी आखलेली रेषा ठेकेदाराने आणि त्याच्या मुकादमाने स्वतः चालून पाहावी. मुकादमाचं नाव निविदेत असावं आणि त्याला परस्पर बदलता येऊ नये. काम पोटठेकेदाराला देता येणार नाही. एक मीटरहून रुंद यंत्र आणता येणार नाही. बाहेरची माती, खडी, सिमेंट नाही. पैसे खोदकामाच्या घनमीटरवर नाहीत, तयार वाटेच्या मीटरवर. एक पावसाळा गेल्यावर मोजणी करून राहिलेला हिस्सा द्यावा. अनामत रक्कम वाडीतल्या गटाला झेपेल इतकीच. त्याऐवजी कामाचे तुकडे लहान करावेत, पाचशे-पाचशे मीटरचे, म्हणजे एकाने बिघडवलं तर सगळा डोंगर बिघडणार नाही.

या तुकड्यांच्या निविदा जून-जुलैत निघाल्या तर ऑगस्टच्या भर पावसात रेषा चालून बघता येईल. पाणी कुठे धावतं हे तेव्हा जितकं स्पष्ट दिसतं तितकं एरवी दिसत नाही. दसऱ्याच्या सुमाराला कामाला हात घालता येईल आणि नाताळच्या गर्दीआधी वाट दबलेली असेल.