न्यायदालनाची खिडकी आणि रीलची कात्री : मध्य प्रदेश उच्च न्यायालयास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती आणि मा. महानिबंधक,
मध्य प्रदेश उच्च न्यायालय, जबलपूर



न्यायालयाचे कामकाज लोकांसमक्ष चालावे हे तत्त्व जुने असले, तरी ते प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची संख्या दालनातील बाकांपुरतीच मर्यादित राहत आली होती. २०२१ मध्ये या न्यायालयाने थेट प्रसारण आणि चित्रमुद्रणाचे नियम केले आणि यूट्यूबवरून सुनावण्या दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा येथे ही मर्यादा ओलांडली गेली. जबलपूर जिल्ह्यातील पाटनसारख्या तहसिलीच्या गावात वाटणीचा दावा, भूसंपादनाचा मोबदला किंवा निवृत्त शिक्षकाचे थकलेले वेतन यांपायी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या कुटुंबाला, आपले वकील न्यायमूर्तींसमोर नेमके काय मांडतात हे घरबसल्या पाहता येऊ लागले. मटाराच्या तोडणीच्या हंगामात ज्याला एक दिवसही शेत सोडता येत नाही, अशा पक्षकाराच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे आणि त्याचे श्रेय निःसंशय या न्यायालयाचे आहे. आज तीच सुविधा इंटरनेटवरील एका सवयीमुळे धोक्यात आली आहे आणि त्या धोक्यावर योजले जाणारे उपाय पक्षकाराच्या मुळावर येऊ नयेत, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहिले आहे.

ती सवय म्हणजे रील. मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी कापलेल्या, बहुधा मिनिटाभरात संपणाऱ्या चित्रफितीला रील म्हणतात. कोणती रील कोणाला दाखवायची हे संपादक ठरवत नाही, तर शिफारस-यंत्रणा ठरवते, म्हणजे प्रेक्षक कोणत्या चित्रफितीवर किती वेळ थांबला, त्याने ती पुन्हा पाहिली का, पुढे धाडली का, याची सतत नोंद ठेवून तिच्यासारख्याच आणखी चित्रफिती पुढे करणारी संगणकीय व्यवस्था. मुदतीच्या कायद्यावरील दीड तासाचा युक्तिवाद या व्यवस्थेत तग धरत नाही, परंतु न्यायमूर्तींचा आवाज चढला, सरकारी अधिकारी खाली मान घालून उभा राहिला किंवा तरुण वकील अडखळला, की तो क्षण कापला जातो, त्यावर संगीत चढते, ‘झापले’, ‘हाकलले’ अशा अर्थाचे ठळक शीर्षक चिकटते आणि तो लाखो पडद्यांवर पोहोचतो. जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा अशा वाहिन्यांना मिळत असल्यामुळे या कात्रीमागे कुतूहलापेक्षा कमाई अधिक असते.

या व्यवहारात सर्वाधिक हानी न्यायप्रक्रियेच्या आकलनाची होते. न्यायमूर्ती सुनावणीत जे बोलतात तो निर्णय नसतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याची ताकद जोखण्यासाठी ते कठोर प्रश्न विचारतात, कित्येकदा स्वतःला न पटणारे मतही मुद्दाम मांडून वकिलाचे उत्तर काढून घेतात आणि बंधनकारक ठरतो तो केवळ स्वाक्षरी झालेला लेखी आदेश. रीलमध्ये हा क्रम उलटतो, म्हणजे तोंडी शेरा हाच निकाल ठरतो आणि आदेश कोणी वाचतच नाही. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात न्यायालयांविषयी जी मते आज सर्रास ऐकू येतात, ती मते मांडणारे अडाणी किंवा दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचलेला पुरावाच तेवढा तुटपुंजा असतो.

प्रसिद्धी आणि न्याय यांच्यातील हा ताण नवा नाही, आणि मराठी वाचकांस त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण परिचित असण्याचा संभव आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांत छापू नये असा तोंडी आदेश दिला होता, कारण आधीच्या साक्षीच्या प्रसिद्धीमुळे आपल्या धंद्याची हानी झाल्याचे त्या साक्षीदाराचे म्हणणे होते. पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर यांनी त्यास आव्हान दिले आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की खुली सुनावणी हाच नियम असला, तरी न्यायदानासाठी अपरिहार्य असेल तेव्हा प्रसिद्धी रोखण्याचा अधिकार न्यायालयास आहे. हा बहुमताचा निर्णय सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्यात भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनंतर उच्च न्यायालयाचे आसन जबलपूरला आले, तेव्हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्तीही तेच झाले. प्रसिद्धीवरील बंधनाकडे साशंक नजरेने पाहण्याची एक परंपरा या न्यायालयाच्या वारशातच आहे, आणि आजच्या प्रश्नाचा विचार करताना तिचे स्मरण राहणे आवश्यक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात २६ सप्टेंबर २०१८ रोजी थेट प्रसारणाचे तत्त्व मान्य केले, त्यानंतर गुजरातपासून अनेक उच्च न्यायालयांनी ते अंगीकारले. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील सुनावणीचे काही तुकडे सर्वत्र पसरले आणि त्यांतील न्यायमूर्तींच्या आक्षेपार्ह शेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे त्या न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केल्यावर प्रकरण मिटवताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा प्रसंगांमुळे प्रसारण बंद करणे हा उपाय नव्हे. या घटनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तेथे कापलेल्या तुकड्यानेच एक खरा दोष उजेडात आणला होता. तुकडा काढणे ही कृती प्रत्येक वेळी विकृतीच असते असे म्हणता येत नाही.

याच पार्श्वभूमीवर ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, दमोह येथील एका नागरिकाच्या याचिकेवर, या न्यायालयाने प्रसारित सुनावण्यांची काटछाट करून त्या समाजमाध्यमांवर टाकण्यास अंतरिम मनाई केली. न्यायालयाच्या नियमांनुसार चित्रमुद्रणाचा स्वामित्व हक्क न्यायालयाकडे असल्यामुळे ही मनाई समजण्यासारखी आहे आणि सुनावणीतील अपमान विकून पैसा करणाऱ्यांविरुद्ध ती सर्वस्वी योग्यही आहे. परंतु स्वामित्व हक्क कायदा, १९५७ याच्या कलम ५२ नुसार न्यायालयीन कामकाजाच्या वृत्तांतासाठी मजकुराचा वापर हा हक्कभंग मानला जात नाही, आणि विधी महाविद्यालयातील शिक्षक, वार्ताहर किंवा स्वतःच्या प्रकरणातील दोन मिनिटे गावकऱ्यांना दाखवू इच्छिणारा पक्षकार यांना त्या कमाईबाज वाहिन्यांच्याच रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल. अंतिम आदेशात हा भेद शब्दांत नोंदवला गेला नाही, तर मोठ्या वाहिन्या नाव बदलून पुन्हा सुरू होतील आणि भीती मात्र प्रामाणिक माणसालाच वाटेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये फौजदारी प्रकरणांचे प्रसारण थांबवण्याचा जो अंतरिम आदेश झाला, त्यामागची चिंता अधिक गंभीर आहे. जामिनाच्या सुनावणीत आरोपीचे नाव, गाव आणि त्याच्यावरील आरोप उच्चारले जातात. पुढे तो निर्दोष सुटला तरी रील तशीच फिरत राहते आणि पाटनसारख्या लहान गावात, जेथे आडनावावरून घर ओळखले जाते, तिचा डाग कुटुंबातील मुलीबाळींच्या सोयरिकीपर्यंत पोहोचतो. पीडितेच्या बाबतीत तर याविषयी दुमत असूच शकत नाही. तरीही सर्व प्रेक्षकांसाठी पडदा ओढणे आणि व्यक्तीची ओळख झाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी शक्य असताना पहिलीचा अवलंब होऊ नये.

खरी उणीव वेगळीच आहे. न्यायालय प्रसारण करते, पण त्याचे प्रकाशन करत नाही. दिवसभराची सलग चित्रफीत प्रकरण-क्रमांकाच्या खुणेविना पडून राहिली, तर तिच्यातून आपले दहा मिनिटांचे प्रकरण शोधणे सामान्य माणसाला अशक्य होते, आणि कापणारा मात्र व्यवसाय म्हणून ते काम आनंदाने करतो. त्यामुळे पहिला, सुटसुटीत आणि सापडणारा तुकडा नेहमी त्याचाच असतो. सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठाच्या सुनावण्यांचे यंत्राच्या साहाय्याने शब्दांकन, म्हणजे बोललेल्या प्रत्येक वाक्याचा लेखी उतारा, तयार होऊ लागले आहे. तशीच सोय जबलपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणी टप्प्याटप्प्याने झाली, प्रत्येक प्रकरणाची चित्रफीत वेगळी होऊन तिच्याशेजारी उतारा आणि स्वाक्षरीचा आदेश एकत्र ठेवले गेले, तर कोणत्याही रीलची शहानिशा पाटनच्या तहसिलीसमोर बसणारा अर्जनवीससुद्धा काही मिनिटांत करू शकेल. प्रसारण तासाभराच्या विलंबाने केल्यास नावे वगळण्यास अवधी मिळेल, आणि ज्या पक्षकाराला आपली ओळख झाकून हवी आहे त्यास साध्या अर्जावर, वकिलाच्या खर्चाविना, ती सवलत मिळू शकेल. उताऱ्यांत चुका होतील हे उघड आहे, विशेषतः बुंदेली वळणाची हिंदी आणि इंग्रजी कायदेशीर शब्द एकाच वाक्यात येतात तेव्हा. म्हणून प्रमाण आदेशच राहील अशी सूचना प्रत्येक उताऱ्यावर छापावी लागेल.

तरी न्यायालयाने प्रलंबित प्रकरणांत अंतिम आदेश देताना प्रसारण कायम ठेवावे, नफ्यासाठी केलेली विकृत काटछाट आणि प्रामाणिक वृत्तांत यांतील सीमारेषा स्पष्ट शब्दांत आखून द्यावी, आणि प्रकरणनिहाय अभिलेख व शब्दांकन यांचे काम प्रथम दिवाणी प्रकरणांपासून सुरू करावे, अशी नम्र विनंती आहे.

पाटन, जि. जबलपूर