गुहागरला यायचंच तर एसटीनं या

ज्या कासवासाठी 2025च्या मे महिन्यात गाड्यांमागून गाड्या गुहागरला आल्या, ते कासव तिथं येऊन गेलं होतं जानेवारीच्या अखेरीस. मादी आली, वाळूत खड्डा केला, अंडी घातली, खड्डा बुजवला आणि पाण्यात परत गेली. तिचा हा सगळा कारभार तासाभराचा. बातमी झाली एप्रिलमध्ये. तोवर ती कुठल्या कुठं पोचली असणार. तरी मोडकाआगरच्या वळणावर काच खाली करून लोक विचारत होते, ‘काका, ते ओडिशाचं कासव कुठं बघायला मिळतं?’

मला विचारण्याचं कारण असं की मी तिथं उभा होतो आणि अंगावर अजून खाकी पँट होती. चिपळूण-गुहागर मार्गावर मी कंडक्टर होतो. रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर ही नावं मी झोपेतसुद्धा ओरडतो, असं आमच्या घरी म्हणतात. आता निवृत्त आहे, चिपळुणात राहतो. धाकटी बहीण गुहागरला दिलेली आहे, म्हणून येणं-जाणं असतं. कासवातलं मला कळतं ते वर्षानुवर्षं गाडीत शेजारी बसलेल्या माणसांकडून. गर्दीतलं मात्र मला कळतं. पंचावन्न सीटच्या गाडीत किती माणूस मावतो हे नियमपुस्तकापेक्षा कंडक्टरला जास्त ठाऊक असतं.

बातमी मोठी होती, यात वाद नाही. त्या मादीच्या पुढच्या परावर 03233 असा धातूचा बिल्ला होता. तो ओडिशाच्या गहिरमाथ्याला मार्च 2021मध्ये शास्त्रज्ञांनी लावलेला. हजारो कासवांना असे बिल्ले लावतात, त्यातलं हे एक. पूर्व किनाऱ्याची ऑलिव्ह रिडले कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असा समज होता. गहिरमाथ्याला ती लाखांनी एकदम येतात. आपल्याकडं एकेकटी, गुपचूप. ही बाई तिकडची असून इकडं अंडी घालून गेली. साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला, बहुधा लंकेला वळसा घालून. त्याआधी 2023मध्ये गुहागरलाच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री थेट श्रीलंकेपर्यंत गेली होती. पण यंत्र वेगळं आणि बिल्ला वेगळा. बिल्ल्याला फक्त नंबर असतो. ती आज कुठं आहे हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. हे त्या गाडीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग आम्ही एवढे आलो कशाला?’

माझ्या लेखाचा विषय हाच आहे.

गुहागर हे काही पसरलेलं शहर नाही. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकच लांब रस्ता, वरचा पाट ते खालचा पाट, आणि दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या घरामागं नारळ-पोफळीची वाडी सुरू होते, वाडी संपली की सुरूची झाडं, ती संपली की वाळू. व्याडेश्वराचं देऊळ रस्त्यालगत, दुर्गादेवी वरच्या पाटात, उफराट्या गणपतीचं तोंड समुद्राकडं. दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीनं कुणाच्या तरी गडग्याला चिकटायचं, हा इथला वाहतुकीचा नियम. या रस्त्यावर मे महिन्यात दोनशे मोटारी आणून उभ्या केल्या की काय होतं ते मी बहिणीच्या ओटीवर बसून पाहिलं. दूधवाल्याची मोटारसायकल अडली. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायची रिक्षा अडली. मग कुणीतरी शोध लावला की वाळूवर भरपूर जागा आहे.

वाळूवर गाडी घालणाऱ्याला मी सरळ अडाणी म्हणेन, मग ती गाडी कितीही लाखांची असो. भरतीत अडकलेल्या मोटारीचा व्हिडिओ कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून दर हंगामात येतो आणि लोक हसतात. हसायचं तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण ज्या वाळूखाली शंभर-सव्वाशे अंडी असू शकतात ती वाळू चाकांनी दाबली जाते. घरट्यांची राखण करणारे कासवमित्र पहाटे किनारा पिंजून सापडतील ती घरटी कुंपणाच्या आत हलवतात. न सापडलेलं घरटं तिथंच असतं. नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायचे दिवस. पिल्लू बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणजे मे महिन्यातही पिल्लं निघत असतात. ती उजेडाच्या दिशेनं चालतात, कारण रात्री समुद्राकडची बाजू जरा उजळ असते. हेडलाइट लावून उभी असलेली गाडी त्यांच्या दृष्टीनं समुद्रच.

आता यावर आमच्याकडचे काही शहाणे म्हणतात की पर्यटकच नकोत. हे म्हणणारे बहुतेक पेन्शनवाले असतात, मी पण पेन्शनवाला, म्हणून बोलतो. ज्याच्या घरात दोन पोरं आहेत आणि वाडीत माकडं नारळ ठेवत नाहीत, त्याला गर्दी नको असं सांगायचा आपल्याला काय अधिकार? माझ्या बहिणीकडं दोन खोल्या आहेत. मे महिन्यात त्या भरतात त्यावर तिच्या पोराची वर्षाची फी निघते.

पण तिच्याच त्या खोल्यांची आणखी एक गोष्ट आहे. त्या बांधल्या एन्रॉनच्या वेळेला. तरुण वाचकांना सांगायला हवं: गुहागर याआधीही एकदा जगाच्या बातमीत होतं, आणि ते कासवामुळं नव्हे. 1992मध्ये एन्रॉन कंपनी अंजनवेलला वीज प्रकल्प उभारायला आली. गोपीनाथ मुंडे यांनी तो अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली, शिवसेना-भाजप युतीचं सरकार आल्यावर 1995मध्ये करार रद्द झाला, पुढच्याच वर्षी सुधारून पुन्हा झाला. वेलदूर, रानवीचे लोक विरोध करत होते, पोलिसांच्या लाठ्या खात होते. त्याच वेळी गुहागरात भाड्याची खोली मिळत नव्हती. माझ्या गाडीत सकाळी डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेली माणसं असायची, बिहारपासून तमिळनाडूपर्यंतची. परदेशी वार्ताहर कॅमेरे घेऊन यायचे, एकाला मी सुट्टे पैसे नाहीत म्हणून शृंगारतळीला उतरून नोट मोडून आणायला लावली होती. 1999मध्ये वीज सुरू झाली, विजेच्या दरावरून भांडण पेटलं, 2001मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत ती कंपनीच बुडाली. वार्ताहर गेले, हेल्मेटवाले गेले. बहिणीच्या सासऱ्यांनी सोसायटीचं कर्ज काढून बांधलेल्या खोल्या राहिल्या, आणि हप्तेही राहिले. प्रकल्प पुढं सरकारी कंपनीनं घेतला, पण ती जत्रा परत भरली नाही.

म्हणून परवा शेजाऱ्यानं वाडीतली पोफळ तोडून बारा खोल्यांची इमारत काढायचं मनात आणलं, तेव्हा बहीण मला म्हणाली, ‘दादा, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, आता गुहागर फेमस झालं.’ मी सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही ते पावसाळ्यानंतर कळेल.

बातमीनं येणारा माणूस बातमीपुरता येतो. तो सकाळी दहाला पोचतो, किनाऱ्यावर फोटो काढतो, कासव नाही म्हणून चिडतो, बरोबर आणलेल्या पाकिटातलं खातो आणि चारला वेळणेश्वरला नाहीतर धोपाव्याच्या फेरीबोटीवर जातो. गुहागरात त्याचा खर्च काय, तर एक शहाळं आणि त्याचा कचरा. उलट जो एक रात्र राहतो तो आंबोळी खातो, रात्री कुळथाचं पिठलं मागतो, सकाळी कोकम आणि सुपारी घेऊन जातो. तो अंजनवेलला गोपाळगड बघतो. आणि पहाटे किनाऱ्यावर हजर असतो, जेव्हा खरोखर काही दिसायची शक्यता असते.

मुक्कामी पाहुण्यांचं हे गणित वेळासनं आधी करून दाखवलं आहे. मंडणगड तालुक्यातलं एवढंसं गाव, नाना फडणवीसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002पासून तिथं अंडी राखायला सुरुवात केली, आणि काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. हॉटेल नाही, लोकांच्या घरातच उतरायचं, घरचंच जेवायचं. पिल्लं सोडायच्या वेळा सकाळची आणि संध्याकाळची, दोरीच्या मागं उभं राहायचं, हात लावायचा नाही. पूर्वी त्याच किनारपट्टीवर अंडी काढून विकली-खाल्ली जात. आता अंडं जगलं तर चार घरांत चूल जास्त पेटते, हे गावाला उमगलं. तिथंही गर्दीचे ताण आहेत, मी वेळासला देव्हाऱ्यात बसवत नाही. पण दोरी गावाच्या हातात आहे, एवढं खरं.

गुहागरच्या हातात वेळासपेक्षा एक गोष्ट जास्त आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. एसटी स्टँड. गुहागरला स्वतःचं आगार आहे, आणि स्टँडवर उतरलेला माणूस पाच-दहा मिनिटांत चालत समुद्रावर पोचतो. कोकणातल्या किती किनाऱ्यांना हे भाग्य आहे? मुंबई-पुण्याहून थेट गाड्या आहेत, चिपळूणहून दिवसभर आहेत. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. एक गाडी पंचावन्न माणसं आणते आणि डेपोत उभी राहते. तीच माणसं मोटारींनी आली तर पंधरा मोटारी होतात आणि त्या पंधरा जणांच्या दारात उभ्या राहतात. गाड्या जुन्या आहेत, खिडक्या वाजतात, मान्य. मी आयुष्यभर त्या आवाजात तिकिटं फाडली, मला त्याचं कौतुक सांगू नका. पण रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी वाडी जाईल. गाडीची खिडकी दुरुस्त करायला कुणाची वाडी जात नाही.

नगरपंचायतीनं तीन कामं करावीत. वाळूवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर लोखंडी खांब ठोकावेत, पाटी नव्हे, खांब. पाटी वाचूनच गाड्या आत जातात. हंगामात शनिवार-रविवारी बाहेरच्या मोटारी मोडकाआगरलाच थांबवाव्यात आणि तिथून आगारानं फेऱ्या चालवाव्यात. आणि नव्या इमारतीला परवानगी देण्याआधी आहेत त्या घरांतल्या खोल्यांची यादी करून ती स्टँडवर लावावी, म्हणजे उतरलेल्या माणसाला दलालाच्या मागं जावं लागणार नाही.

एसटीकडं माझं मागणं छोटं आहे. कासवाच्या हंगामात चिपळूणहून पहाटे पाचची एक जादा गाडी सोडा. साडेसहाला ती गुहागरात लागते, म्हणजे पिल्लं सोडण्याआधी माणूस किनाऱ्यावर असतो. संध्याकाळी परतीची एक उशिरा ठेवा. यासाठी नवी गाडी लागत नाही, मुक्कामाच्या गाड्या रात्रभर उभ्याच असतात. ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या बदलल्या की झालं. तसा अर्ज मी आगारात दिला आहे. टेबलावरच्या बाबूंनी तो घेतला आणि विचारलं, ‘काका, सोबत प्रवाशांच्या सह्या आहेत का?’ सध्या मी सह्या गोळा करतो आहे. चिपळूण स्टँडवर, गुहागरच्या फलाटाशी, सकाळी आठनंतर भेटेन.