दुभत्या जनावरांतील कीटोनची परीक्षा

रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीचें नांव घेतलें कीं गडावर दूध विकावयास गेलेली व तान्ह्या बाळासाठीं रात्रीं कडा उतरून आलेली ती माउली आठवते. ती दंतकथा असो वा इतिहास असो, महाड-पोलादपूरच्या डोंगरांतील कुटुंबास दुभत्याचा आधार किती, हें तीवरून कळतें. तें दुभतें कधीं कधीं पंधरवड्यांत आटतें, आणि आपण कारण शोधीत नाहीं.

चांगली दुधाळ गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिल्या दीड महिन्यांत एकाएकीं आंबोण सोडते, पेंढा मात्र चघळते. दूध उतरतें, अंग झडतें, श्वासास गोडसर वास येतो. घरांत कोणी दृष्ट काढतो, कोणी गुळाचें पाणी पाजतो. वस्तुतः दुधावाटे जाणाऱ्या साखरेची भरपाई पेंढ्यानें होत नाहीं, म्हणून जनावर अंगची चरबी वितळवितें व तीपासून यकृतांत कीटोन निपजतात. गुळाचा उपयोग थोडा; तो रक्तांत पोंचण्यापूर्वींच पहिल्या पोटांतील जंतु त्यास आंबवून टाकतात.

कर्ब-प्राणवायूच्या दुहेरी जोडास दोन्ही बाजूंनीं कर्ब लागलेला असला कीं तो कीटोन, एका बाजूस हायड्रोजन असला कीं आल्डिहाइड, हें मुलें शाळेंत शिकतात. ब्रेडीचें द्रावण दोहोंसहि पिवळा-नारिंगी साका देतें. टोलेन्सच्या द्रावणानें नळींत रुप्याचा आरसा उमटला तर तो बहुधा आल्डिहाइडचा. गोठ्यास उपयोगी परीक्षा निराळी. ती रॉथेरा यानें १९०८ सालीं प्रसिद्ध केली. नळींत थोडें दूध घेऊन त्यांत अमोनियम सल्फेट विरघळेनासें होईपर्यंत घालावें, सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या ताज्या द्रावणाचे कांहीं थेंब टाकावे व कडेनें अमोनिया सोडावा. कीटोन असल्यास जांभळें कडें दिसतें. अमोनियम सल्फेट म्हणजे भातास देतों तेंच खत, पण येथें तें शुद्ध हवें. नायट्रोप्रुसाइड विषारी आहे. नळींतलें दूध पुन्हां चरवींत जातां कामा नये.

मूत्रांत हा रंग फार सहज येतो, फारशा आजारी नसलेल्या जनावरांतहि. म्हणून दुधाच्या परीक्षेवर आमचा भरंवसा अधिक. तथापि रंग फिका आला म्हणून निर्धास्त होऊं नये. रक्तांत सर्वांत अधिक वाढणारें बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल कीटोनांत गणलें जातें, पण रचनेनें तें कीटोन नव्हेच, आणि ही परीक्षा त्यास ओळखीत नाहीं. त्यासाठीं रक्त तपासण्याचीं लहान यंत्रें आतां मिळतात.

दूधकेंद्रावर स्निग्धांश मात्र रोज मोजतात, कारण त्यावर भाव ठरतो. या विकारांत तो आंकडा बहुधा वाढतो आणि मालक खूष होतो! शेतकऱ्यास रसायनशास्त्र कशाला, असें म्हणणाऱ्यांनीं स्निग्धांशाचे पैसे घेतांना तो प्रश्न कधीं विचारला नाहीं. आमच्या मतें प्रत्येक दूधसंस्थेनें हीं द्रव्यें ठेवावींत व नुकत्याच व्यालेल्या जनावराचें दूध पहिले सहा आठवडे, आठवड्यांतून एकदां, तपासून द्यावें.

रंगानें कीटोन कळतो, कारण कळत नाहीं. गर्भाशयाच्या दाहानें किंवा पोटांत गेलेल्या तारेनें चारा सुटला तरीहि कीटोन वाढतात. तेव्हां रंग उमटतांच पशुवैद्यास बोलवावें. शिरेंतून ग्लुकोज द्यावें कीं आधीं तार शोधावी, हें त्यानें ठरवावयाचें.