मोत्यासारखे दात, पण हिरड्यांचं काय?

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत एक शब्द हमखास झळकतो, 'स्माइल मेकओव्हर'. पूर्वी नवरीच्या तयारीत हळद, मेंदी आणि फार तर फेशियल असायचं. आता त्यात दात पांढरे करणं, फटी बुजवणं, दातांवर व्हेनिअर नावाचे पातळ पापुद्रे चिकटवणं हेही आलंय. सुंदर दिसावंसं वाटण्यात गैर काहीच नाही, मैत्रिणींनो. हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या कितीतरी बायका मी वस्त्यांमधून पाहिल्यात. त्यांना मोकळेपणी हसता यावं, असं मलाही मनापासून वाटतं. प्रश्न आहे तो क्रमाचा. भिंतीला ओल असताना वरून रंग मारला, तर तो किती दिवस टिकणार?

दातांचंही अगदी तसंच आहे. दात पांढरे करण्याचं औषध रंग बदलतं, कीड बरी करत नाही. उलट किडलेल्या किंवा तडा गेलेल्या दातात ते झिरपलं, तर कळ थेट डोक्यात जाते. शिवाय जुनी कॅप किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट या औषधानं पांढरं होत नाही. बाकीचे दात उजळतात आणि तेवढा एक दात वेगळा उठून दिसतो. व्हेनिअरसाठी बहुतेक वेळा दाताचं वरचं आवरण थोडं घासावं लागतं, आणि ते आवरण पुन्हा कधीच उगवत नाही. हिरड्या सुजलेल्या असताना हे काम केलं, तर पुढे हिरडी खाली सरकून पापुद्र्याची कड उघडी पडू शकते. म्हणजे पैसेही गेले आणि शोभाही गेली.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न ठरलं. एका दवाखान्यात 'ब्रायडल पॅकेज' घेतलं. ना कुणी नीट तपासणी केली, ना एक्स-रे काढला. दुसऱ्या बैठकीनंतर तिला गार पाणीही पिता येईना. दुसरीकडे दाखवलं तेव्हा समोरच्या दोन दातांच्या मधे कीड निघाली. रूट कॅनल झालं, कॅप बसवावी लागली, आणि त्यासाठी आईनं गटातून कर्ज काढलं. लग्नातलं जेवण पोरीनं वेदनाशामक गोळ्यांवर काढलं. पाच मिनिटांची तपासणी आधी झाली असती, तर हे सगळं टळलं असतं.

हे एकटीदुकटीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. आपल्या घरात तर बाईचा दात सगळ्यात शेवटी येतो. मुलाच्या दाताला क्लिप, सासऱ्यांना कवळी, आणि आपण मात्र दाढेखाली लवंग धरून पोळ्या लाटायच्या! 'ब्रश केल्यावर थोडं रक्त येतं, त्यात काय एवढं,' असं शिबिरात दहाजणी तरी सांगतात. अहो, हात धुताना रक्त आलं तर आपण घाबरू ना? हिरड्यांतून रक्त येणं ही आजाराची पहिली घंटा असते.

त्यातच मिश्रीची सवय. ती तंबाखू भाजूनच करतात, पण लावणारीला ते व्यसन वाटत नाही, दात घासणं वाटतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली, तरी घराच्या तव्यावरची मिश्री चालूच राहिली. अशा दातांवरचे काळे डाग काढून देणं हे वरवरचं काम झालं. तोंडात पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं. कारण तिथे प्रश्न कॅन्सरचा असतो.

मधुमेह आणि हिरड्यांचंही साटंलोटं आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. पण बाळंतपणाच्या तपासण्यांत 'आ कर' असं आपल्याला कितीजणींना सांगितलं गेलं?

सरकारी पातळीवर अगदीच काही नाही असं नाही. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हेही बरंच झालं. पण स्वस्त ब्रशनं कीड भरून निघत नाही. दंतवैद्य बहुतेक शहरात, आणि नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा बसत नाही. मग बाई दुखेपर्यंत थांबते. दुखणं आल्यावर दात काढून टाकते, आणि दिसायला वाईट दिसतं म्हणून पुढे मेकओव्हरच्या जाहिरातीला भुलते. ही साखळी तोडायची तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गरोदर मातांच्या तपासणीत तोंडाची तपासणी व्हायलाच हवी. महिला मंडळांनी, बचत गटांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. दात पांढरे करायला जाल तेव्हा आधी विचारा : कीड आहे का? हिरड्या कशा आहेत? एक्स-रे लागेल का? दात किती घासणार? हे किती वर्षं टिकेल आणि पुन्हा किती खर्च येईल? उत्तर द्यायला जो डॉक्टर कंटाळतो, तिथून उठून या. पार्लरमध्ये दातांचं कुठलंही काम करून घेऊ नका. लिंबू-सोड्याचे घरगुती प्रयोग तर नकोतच, लिंबाच्या आंबटानं दाताचं आवरण झिजतं. आणि 'डॉक्टरांनी दात साफ केले की ते हलायला लागतात' ही जुनी समजूत आता सोडून द्या. कीटण साफ केल्यानं दात हलत नाहीत. साठलेल्या कीटणामुळे हिरडी आणि हाड खंगतं, म्हणून ते हलतात. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात उपचार होतात.

रात्री झोपण्यापूर्वी सगळी भांडी घासून ओटा लख्ख करणाऱ्या आपण, स्वतःच्या दातांसाठी दोन मिनिटं काढायला काय हरकत आहे? कित्येकदा तेवढी निगा आणि वेळच्या वेळी केलेली सफाई यांनीच दात इतके छान दिसतात की मेकओव्हरची गरजच उरत नाही. त्यानंतरही हौस असेल, तर ती जरूर करावी. निरोगी दातांवर केलेली हौस निदान अंगाशी तरी येत नाही.